राजधानीपासून पामीरपर्यंत : एका रस्त्याची गोष्ट

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख वाचावयास बसण्यापूर्वी आशिया खंडाचा नकाशा समोर घ्या. काश्मीरच्या उत्तर टोकावर बोट ठेवा आणि ते हळूहळू वर सरकवा. अफगाणिस्तानची एक चिंचोळी पट्टी ओलांडली की तुमचे बोट एका लहानशा देशात शिरेल. हा ताजिकिस्तान. १९९१ पर्यंत तो सोव्हिएत संघाचा एक भाग होता. त्या वर्षी तो स्वतंत्र झाला. त्याची राजधानी दुशान्बे ही देशाच्या पश्चिम भागात आहे. तेथील भाषेत 'दुशान्बे' म्हणजे सोमवार. एके काळी त्या जागी दर सोमवारी बाजार भरत असे, त्यावरून गावाला हे नाव मिळाले. आपल्याकडील बुधवार पेठ, शुक्रवार पेठ ही नावे तुम्हाला आठवली असतील!

आता बोट पूर्वेकडे न्या. देशाचा जवळजवळ निम्मा भाग व्यापणारा एक प्रांत तुम्हाला दिसेल. त्याचे नाव डोंगरी बदख्शान. क्षेत्रफळ सुमारे ६४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे. परंतु लोकवस्ती मात्र दोन-सव्वादोन लाखांच्या आसपास. हिशेब केलात तर एका चौरस किलोमीटरला चार माणसेही येत नाहीत. याचे कारण पामीर पर्वत. या प्रदेशाला फार पूर्वीपासून 'जगाचे छप्पर' म्हणतात, आणि छपरावर माणसे दाटीवाटीने राहत नाहीत.

या प्रांताचे मुख्य गाव खोरोग. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे खोरोगचा बाजारसुद्धा कळसूबाईच्या माथ्याहून उंच आहे. आणि तरीही पामीरमध्ये ही जागा सखल समजली जाते!

आता पट्टी घेऊन दुशान्बे आणि खोरोग यांमधील अंतर मोजा. नकाशाच्या प्रमाणाने हिशेब केलात तर सरळ रेषेत ते सुमारे २७० किलोमीटर भरेल. रस्त्याने जावयाचे झाल्यास मात्र जुन्या वाटेने सव्वापाचशे किलोमीटर आणि नव्या वाटेने सुमारे सहाशे किलोमीटर प्रवास करावा लागतो. मोटारीला त्यासाठी एक अख्खा दिवस लागतो, आणि वाटेत काही अडले तर दोन.

मग हे वरचे अडीचशे-तीनशे किलोमीटर आले कोठून? आणि एवढा लांबचा वळसा घालूनही हा रस्ता पुन्हा पुन्हा बंद का पडतो? या दोन प्रश्नांच्या मागे लागलो, तर शाळेत शिकलेले पुष्कळसे विज्ञान आपल्याला वाटेत भेटेल.

वाट वाकडी का?

दुशान्बेहून निघालेली जुनी वाट पूर्वेकडे ओबीगार्म, तविलदरा या गावांवरून जाते आणि खाबुराबोत नावाची खिंड ओलांडून पलीकडे कलाइखुम या गावी उतरते. खिंडीची उंची ३,२५२ मीटर; कलाइखुमची सुमारे १,२०० मीटर. म्हणजे खिंडीच्या एका अंगाला सुमारे २,००० मीटरांचा उतार आहे. परतीच्या प्रवासात तोच चढ होतो.

चढावर मोटारीला दोन कामे करावी लागतात. एक म्हणजे घर्षणाला तोंड देणे, आणि दुसरे म्हणजे स्वतःचे वजन वर उचलणे. उताराच्या प्रतलाविषयी तुम्ही भौतिकशास्त्रात शिकला आहात. वीस मीटर चालल्यावर एक मीटर उंची गाठणाऱ्या चढावर मोटारीला, घर्षण सोडून, आपल्या वजनाच्या विसाव्या हिश्शाएवढे बल लावावे लागते. चार मीटरांत एक मीटर चढावयाचे असेल तर हे बल वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढे होते. भरलेल्या मालमोटारीला पहिला चढ झेपतो, दुसरा झेपत नाही.

म्हणून अभियंता काय करतो? तो बल वाचवितो आणि अंतर वाढवितो. विसास एक या चढाने २,००० मीटर उंची गाठावयाची, तर रस्ता निदान ४० किलोमीटर लांब हवा. डोंगराच्या अंगावर एवढी सरळ जागा नसते. मग रस्ता कधी डावीकडे, कधी उजवीकडे नागमोडी वळणे घेत वर चढतो. आपल्या सह्याद्रीच्या घाटांत तुम्ही हेच पाहिले आहे. एकूण काम मात्र तेवढेच राहते. उंचीची किंमत द्यावीच लागते. ती एकदम द्यावयाची की हप्त्याहप्त्याने, एवढेच काय ते आपल्या हाती असते.

चढाचा आणि उताराचा हिशेब

ही किंमत किती, ते आपण मोजूनच पाहू. समजा, मालासह १० टन वजनाची एक मालमोटार कलाइखुमहून खिंडीकडे निघाली आहे. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की कार्य मिळते.

१०,००० × ९.८ × २,००० = १९,६०,००,००० जूल

एक लिटर डिझेल जाळल्याने सुमारे साडेतीन कोटी जूल उष्णता मिळते; परंतु तिचा साधारण तिसरा हिस्साच चाके फिरविण्याच्या उपयोगी पडतो. म्हणजे नुसती उंची गाठण्यासाठीच सोळा लिटरांहून अधिक डिझेल खर्ची पडले. घर्षण आणि खाचखळगे यांचा हिशेब वेगळा.

आता मालमोटार दुसऱ्या दिशेने, खिंडीतून खाली येऊ लागली. 'उतारावर काय, गाडी आपोआप जाते!' असे तुम्ही म्हणाल. परंतु खरा धोका येथेच आहे. चढताना साठविलेली ती १९ कोटी ६० लाख जूल ऊर्जा आता बाहेर पडू पाहते. ती कोठेतरी गेलीच पाहिजे. ब्रेक दाबला की घर्षणाने तिची उष्णता होते. ही सर्व उष्णता पाण्याला दिली तर २० अंश सेल्सिअसचे सुमारे ५८० लिटर पाणी उकळू लागेल. म्हणजे दोनशे लिटरची जवळजवळ तीन पिंपे! एवढी उष्णता ब्रेकच्या चार-सहा तबकड्यांवर पडली तर त्या लाल होतील आणि ब्रेक निकामी होतील. म्हणून जाणता चालक उतारावर खालचा गिअर टाकतो आणि गाडी आवरण्याचे बरेचसे काम इंजिनाकडूनच करवून घेतो. घाटात 'खालच्या गिअरमध्ये गाडी चालवा' अशी पाटी तुम्ही वाचली असेल. तिच्यामागचे कारण हे आहे.

पंज नदीच्या काठाने

कलाइखुम या नावातील 'कलाइ' म्हणजे आपला किल्लाच. येथून पुढे खोरोगपर्यंत रस्त्याची सोबत करणारी नदी पंज. 'पंज' म्हणजे पाच. आपला 'पाच' आणि हा 'पंज' हे एकाच घराण्यातील शब्द आहेत. हीच पंज पुढे वख्श नदीला मिळाल्यावर अमुदर्या होते. नदीच्या अलीकडे ताजिकिस्तान आणि पलीकडे अफगाणिस्तान. पलीकडच्या काठावरील घरे, जवाची शेते, गाढवे हाकणारी माणसे मोटारीतूनही स्पष्ट दिसतात.

नदीने डोंगर कापून अरुंद आणि खोल दरी केली आहे. रस्ता नसताना येथून माणसे कशी जात असत? कातळाच्या फटींत लाकडी मेखा ठोकावयाच्या, त्यांवर काटक्या-फांद्या पसरावयाच्या, वर सपाट दगड आणि माती टाकावयाची, की झाली पायवाट! तिला 'ओव्रिंग' म्हणत. खाली फेसाळणारी नदी आणि पायाखाली हलणाऱ्या काटक्या. अशा वाटेने ओझे घेऊन जाणाऱ्या माणसाची कल्पना करा.

मोटारीचा रस्ता १९३० नंतर आला. आधी १९३१ ते १९३४ या काळात पूर्वेकडून, म्हणजे किर्गिझस्तानातील ओश शहरापासून खोरोगपर्यंत रस्ता बांधला गेला. दुशान्बेकडून येणारा रस्ता १९४० मध्ये पुरा झाला. हे दोन्ही मिळून जो लांबलचक मार्ग झाला, त्याला पामीर महामार्ग म्हणतात.

सुरुंग लावून कातळ फोडला, खडी पसरली, की रस्ता झाला. परंतु डोंगराच्या दृष्टीने पाहा. हजारो वर्षे पाऊस, बर्फ आणि भूकंप सोसून त्याच्या उताराने एक विशिष्ट कोन धरलेला असतो. धान्याची रास कशी ठरावीक कोनात स्थिर होते, तसाच हा प्रकार. रस्त्यासाठी आपण तिच्या पायथ्याशी आडवी खाच घेतो. खाचेवरचा उतार पूर्वीपेक्षा उभा होतो आणि त्याचा आधारही जातो. मग वरचे दगड पुन्हा जुना कोन गाठू पाहतात. यालाच आपण दरड कोसळणे म्हणतो. डोंगर आपला तोल सावरत असतो. त्या वेळी रस्ता मध्ये आलेला असतो, इतकेच.

दगड सुटे करण्याचे काम थंडी करते. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. दिवसा बर्फ वितळून पाणी कातळाच्या भेगेत शिरते. रात्री ते गोठते आणि लाकडात ठोकलेल्या पाचरीप्रमाणे भेग रुंदावते. वसंत ऋतूत हे रोज घडते. पोलादी पहार जे करणार नाही, ते ही बर्फाची पाचर करते.

खालून नदी रस्त्याचा पाया खाते. वाहत्या पाण्याच्या वेगाविषयी एक सुटसुटीत नियम आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर तो पूर्वीच्या ६४ पट वजनाचा धोंडा ढकलू शकतो. दोनाचा सहावा घात ६४, तो असा. हिवाळ्यात जी नदी मुठीएवढे गोटे लोटते, तीच उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर शिळा वाहून नेते. रस्त्याची संरक्षक भिंत अशा वेळी किती दिवस टिकणार?

बर्फाचे महिने

हिवाळ्यात खाबुराबोत खिंडीत इतके बर्फ पडते, की ती वाट कित्येक महिने बंदच असते. पंजच्या दरीत वेगळा धोका असतो. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर साठलेले बर्फ कधी निसटेल याचा नेम नसतो. याहून कमी उतारावर ते सहसा घसरत नाही आणि याहून उभ्या कड्यावर ते फारसे साठतच नाही. दुर्दैवाने दरीतील पुष्कळसे उतार नेमके याच मापाचे आहेत. वरून हिमलोट आला की रस्त्यावर बर्फ, माती आणि दगड यांचा ढीग होतो आणि तो उपसून काढीपर्यंत दोन्ही बाजूंच्या गाड्या अडकून पडतात.

'मग विमानाने का जात नाहीत?' दुशान्बे आणि खोरोग यांच्या दरम्यान लहान विमाने उडविली गेली आहेत. परंतु ती शिखरांच्या वरून न जाता शिखरांमधून वाट काढतात. ढग आले, वारा सुटला, की उड्डाण रद्द. शिवाय कोळसा, पीठ, सिमेंट यांसारखे जड सामान विमानाने नेणे परवडत नाही. पीठ गावात यावयाचे ते मालमोटारीनेच.

खोरोगच्या पलीकडे

खोरोगहून रस्ता गुंत नदीच्या खोऱ्याने पूर्वेकडे चढत जातो आणि पामीरच्या पठारावर येतो. तेथील मुरगाब हे गाव सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे. त्याच्या उत्तरेला अक-बैताल ही खिंड लागते. तिची उंची ४,६५५ मीटर. या महामार्गावरील हे सर्वांत उंच ठिकाण.

या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे ५६ टक्के भरतो. म्हणजे प्रत्येक श्वासात जवळजवळ निम्माच प्राणवायू मिळतो. माणसाला धाप लागते, डोके दुखते. इंजिनाचीही तीच गत होते. डिझेल जाळावयास प्राणवायू लागतो. तो कमी पडला की शक्ती घटते, धूर वाढतो. चढ सर्वांत अवघड असतो तेथेच इंजिन सर्वांत दुबळे होते! दाब कमी झाल्याने पाणीही लवकर उकळते. उंची ३०० मीटरांनी वाढली की उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. यावरून मुरगाबला पाणी किती अंशांवर उकळेल, ते तुम्हीच काढा. उत्तर सुमारे ८८ यावयास हवे. अशा पाण्यात डाळ किती वेळ शिजवावी लागेल आणि तेथे कुकर किती उपयोगी पडेल, याचा घरी आईला विचारून अंदाज घ्या.

पठारावर आणखी एक अडचण आहे. काही ठिकाणी जमिनीखालचा थर बारा महिने गोठलेला असतो. काळे डांबर ऊन शोषून घेते, त्या उष्णतेने खालचे बर्फ वितळते आणि रस्ता खचतो. हिवाळ्यात ते पुन्हा गोठते आणि रस्ता फुगतो. म्हणून सपाट पठारावरही रस्ता लाटांसारखा वरखाली झालेला आढळतो.

वाट बंद झाली तेव्हा

आतापर्यंत आपण बर्फ, दगड आणि पाणी यांचा विचार केला. परंतु १९९२ मध्ये रस्ता वेगळ्याच कारणाने बंद पडला.

सोव्हिएत काळात डोंगरी बदख्शानला लागणारे बहुतेक धान्य, कोळसा आणि तेल बाहेरून येत असे. प्रांतात सपाट जमीन फारच थोडी. त्यातून बाहेरचा माल नियमाने येत असल्यामुळे पुष्कळशा जमिनीत धान्याऐवजी जनावरांचा चारा पिकविला जाई. रस्ता चालू होता तोवर हे सोयीचे होते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि पुरवठा आटला. १९९२ मध्ये ताजिकिस्तानात यादवी युद्ध पेटले. तविलदराच्या खोऱ्यात, म्हणजे राजधानीच्या वाटेवरच, लढाया झाल्या. पश्चिमेकडची वाट तुटली. उलट, लढाईतून जीव वाचवून आलेले हजारो निर्वासित प्रांतात शिरले. खाणारी तोंडे वाढली आणि पिठाच्या गाड्या थांबल्या.

अशा वेळी उपयोगी पडली ती पूर्वेकडची वाट, तीच १९३४ ची. १९९३ पासून आगा खान फाउंडेशन या संस्थेने ओश शहरातून मालमोटारींनी धान्य पाठविण्यास सुरुवात केली. ओश ते खोरोग हे अंतर सातशे किलोमीटरांहून अधिक. वाटेत अक-बैताल खिंड, विरळ हवा आणि हिवाळ्यात हाडे गोठविणारी थंडी. त्या गाड्यांवर प्रांतातील लोकांचे जेवण अवलंबून होते. यादवी संपवणारा शांतता करार १९९७ च्या जूनमध्ये झाला.

इंधनाची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोळसा येईनासा झाल्यावर खोऱ्यांतील लोकांनी झाडे तोडली. पठारावर तर झाडेच नाहीत. तेथे तेरेस्केन नावाचे खुरटे झुडूप उगवते. लोकांनी ते मुळासकट उपटून जाळावयास सुरुवात केली. हे झुडूप अतिशय सावकाश वाढते. त्याची मुळे माती धरून ठेवतात आणि हिवाळ्यात याक व मेंढ्या त्यावरच जगतात. म्हणजे शेकडो किलोमीटर दूर एक रस्ता बंद झाला आणि त्याची झळ मातीला आणि जनावरांना लागली. भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि इतिहास ही पुस्तके वेगवेगळी असली तरी प्रत्यक्षात हे विषय एकमेकांत कसे गुंतलेले असतात, ते यावरून दिसते.

दुसरी वाट

या अनुभवाने लोक दोन गोष्टी शिकले. पहिली ही, की जे घरी पिकविता येईल ते घरी पिकवावे. शेतजमीन कुटुंबांना वाटून देण्यात आली आणि चाऱ्याच्या जागी पुन्हा गहू आणि बटाटा दिसू लागला. दुसरी ही, की एकाच दोरावर सर्व भार टाकू नये.

दुशान्बेहून दक्षिणेला कुलोब शहरावरून जाऊन पंजच्या काठाने कलाइखुम गाठणारा रस्ता यादवीनंतरच्या वर्षांत तयार करण्यात आला. तो जुन्या वाटेपेक्षा लांब आहे. परंतु त्यावरील खिंडी खाबुराबोतपेक्षा बऱ्याच कमी उंचीच्या असल्याने तो हिवाळ्यातही चालू ठेवता येतो. अंतर वाढवून उंची टाळावयाची, ही नागमोडी वळणाचीच युक्ती येथे मोठ्या प्रमाणावर वापरलेली दिसते. दुशान्बे आणि कुलोब यांच्या दरम्यान दोन बोगदेही झाले. शार-शार बोगदा २००९ मध्ये खुला झाला; त्याची लांबी दोन किलोमीटरांहून थोडी अधिक आहे. चोरमग्झाक बोगदा २०१४ मध्ये झाला. तो चार किलोमीटरांहून लांब आहे. बोगद्याने चढ तर वाचतोच, शिवाय खिंडीतील बर्फाखालून गाडी सुखरूप निघून जाते.

२००२ मध्ये खोरोगजवळ पंजवर पूल झाला आणि पलीकडच्या अफगाण गावांशी मोटारीचा संबंध जुळला. २००४ मध्ये ४,३६२ मीटर उंचीवरील कुलमा खिंडीतून चीनकडे जाणारी वाट उघडली. परंतु दुसरी वाट झाली म्हणजे काळजी मिटली, असे नाही. २०२१ मध्ये ताजिकिस्तान आणि किर्गिझस्तान यांच्यात सीमेवरून चकमकी झाल्या आणि हद्द बंद करण्यात आली. ज्या ओशच्या वाटेने १९९३ मध्ये धान्य आले, तीच आता अडली. दोन्ही देशांचा सीमाकरार व्हावयास २०२५ चा मार्च उजाडला.

बारसेमचा लोंढा

निसर्गही स्वस्थ बसलेला नाही. २०१५ च्या जुलै महिन्यात पामीरमध्ये कडक ऊन पडले आणि उंचावरील बर्फ वेगाने वितळू लागले. खोरोगच्या पूर्वेला गुंतच्या खोऱ्यात बारसेम नावाचे गाव आहे. तेथे एका बाजूच्या ओढ्यातून चिखल आणि दगड यांचा प्रचंड लोंढा खाली आला. डझनावारी घरे गाडली गेली. लोंढ्याने गुंत नदीच अडविली आणि मागे सरोवर साचले. महामार्ग त्या पाण्याखाली गेला, विजेच्या पुरवठ्यावरही परिणाम झाला. पुढे सरोवराला वळसा घालून नवी वाट काढावी लागली.

अशी सरोवरे पामीरला नवी नाहीत. १९११ मध्ये झालेल्या भूकंपात एक अख्खा डोंगर कोसळून मुरगाब नदीत पडला. उसोई नावाचे गाव त्याखाली गाडले गेले. त्या दगडांचा ५६७ मीटर उंचीचा नैसर्गिक बांध झाला आणि त्यामागे सारेझ हे सुमारे ६० किलोमीटर लांबीचे सरोवर तयार झाले. ते आजही आहे, आणि शास्त्रज्ञ त्याच्या पातळीवर व बांधावर लक्ष ठेवून असतात. कारण त्याच्या खालच्या बाजूला बारतांग नदीचे खोरे आहे, आणि ते खोरे जेथे पंजला मिळते तेथूनच आपला रस्ता जातो.

मित्रांनो, आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांकडे वळू. वरचे अडीचशे-तीनशे किलोमीटर आले ते गुरुत्वाकर्षणाची किंमत हप्त्याने देण्यासाठी. आणि रस्ता पुन्हा पुन्हा बंद पडतो, कारण डोंगर पूर्ण झालेला नाही. तो अजून घडतो आहे, झिजतो आहे, आपला तोल सावरतो आहे. त्याच्या अंगावरील रस्ताही मग कधी 'पूर्ण' होत नाही. नकाशावर आपण एक तांबडी रेघ ओढतो आणि ती कायमची आहे असे समजतो. प्रत्यक्षात ती रेघ रोज कोणीतरी पुन्हा ओढत असते. रात्री पडलेले दगड पहाटे बाजूला सारणारा मजूर, मोरीत अडकलेला गाळ काढणारा कामगार, बर्फ लोटणाऱ्या यंत्राचा चालक, ही ती माणसे. खोरोगच्या शाळेतील मुलाच्या ताटात भाकरी येते, तिच्यात त्यांचा वाटा असतो.

पावसाळ्यात आपल्या घाटातून जाल, तेव्हा दरडीखाली टोपली-फावडे घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे एकदा नीट पाहा.

करून पाहा

१. कोरड्या वाळूची एक रास करा. तिच्या उताराचा जमिनीशी होणारा कोन कोनमापकाने मोजा. आता पट्टीने पायथ्याची थोडी वाळू अलगद काढून घ्या. वरच्या वाळूचे काय होते? ती स्थिरावल्यावर कोन पुन्हा मोजा. हाच प्रयोग ओल्या वाळूवर करा आणि त्यावर हळूहळू पाणी ओता.

२. प्लॅस्टिकच्या लहान डबीत काठोकाठ पाणी भरा, झाकण न लावता ती बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी बर्फाची पातळी कोठे आहे ते पाहा. (काचेची बाटली वापरू नका.)

३. तुमच्या गावाहून जवळच्या घाटमाथ्यावरील गावाचे सरळ रेषेतील अंतर नकाशावर मोजा. रस्त्याचे अंतर एस. टी.च्या चालक-वाहकांना विचारा. दुसऱ्या अंतराला पहिल्याने भागा. दुशान्बे आणि खोरोग यांच्या बाबतीत हे उत्तर दोनाच्या आसपास येते. तुमचे किती आले?